मूळपट्ट्याची मांडणी : सिग्नल जनरेटर आणि मागाचा हिशेब

आकाशवाणी धारवाडचा ७६५ किलोहर्ट्झ हा आकडा आमच्या भागातील मागच्या पिढीला तोंडपाठ असे. परंतु त्या आकड्यावर गाणे नसते, ही गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. गाणे असते फार तर काही हजार हर्ट्झचे. ७६५ किलोहर्ट्झ ही त्या गाण्याला वाहून नेणारी लहर. गाणे मायक्रोफोनमधून निघून तारेत आले आहे, पण त्या लहरीवर अजून चढलेले नाही, अशा वेळच्या त्याच्या रूपाला तंत्रज्ञ ‘बेसबँड’ म्हणतात. मी त्याला मूळपट्टा म्हणते. शब्द माझ्याच सोयीचा आहे, पण अर्थ नीट सांगतो : शून्याजवळ सुरू होणारा, अजून कोठेही न उचललेला पट्टा.

वडगाव, खासबाग, शहापूर या बाजूच्या वाचकांना हे मागाच्या भाषेत अधिक लवकर समजेल. (माग आणि कानडीतला मग्ग हे शब्दही किती शेजारी आहेत पाहा.) मागावरचा उभा ताणा सगळीकडे सारखाच असतो. कोणता धागा उचलायचा आणि कोणता खाली ठेवायचा हे जकार्डच्या भोके पाडलेल्या कार्डांत लिहिलेले असते. ताणा म्हणजे वाहक लहर, आणि कार्डांची माळ म्हणजे मूळपट्टा. कार्ड बदलले की नक्षी बदलते. ताण्याला त्याची खबरही नसते.

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. या विषयात माझा शिरकाव झाला तो सुरतेमुळे. तेथे माझा मावसभाऊ अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि त्याचा प्रकल्प यंत्रमागांच्या हिशेबाशी संबंधित होता. मजुरीचे रजिस्टर कसे मांडावे हे विचारण्यासाठी त्याने मला बोलावले, आणि प्रयोगशाळेत वाचने टिपण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले. तेथे जे समजले ते, विज्ञान शाखेच्या मित्रांनी हसू नये इतपत तपासून, येथे मांडत आहे.

प्रथम प्रकल्प सांगते, म्हणजे पुढचे आकडे पोकळ वाटणार नाहीत. सुरतेत उधना, पांडेसरा, लिंबायत, वेड रोड या भागांत यंत्रमागांच्या शेडमागून शेड आहेत. कामगार बहुतेक बाहेरचे : ओडिशातल्या गंजामचे, आपल्या खानदेशातले. पाळी बारा तासांची, आणि मजुरी पुष्कळ ठिकाणी विणलेल्या मीटरवर. किती मीटर विणले हे शेडमधला मुकादम लिहितो, आणि महिनाअखेरीस वाद होतो तो नेमका याच आकड्यावर. दादाच्या गटाने प्रत्येक मागाला एक छोटी पेटी बसवायची योजना केली. आडवा धागा एकदा फेकला गेला की पेटीतला आकडा एकाने वाढतो, आणि दर मिनिटाला पेटी तो आकडा रेडिओलहरीने कोपऱ्यातल्या एका ग्राहकयंत्राकडे पाठवते. कामगारालाही तो फलकावर दिसतो. आता ग्राहकयंत्राने दहांतला एक संदेश गिळला तर काय होईल? कोणाच्या तरी पगारातून कापड गळेल. म्हणून ग्राहकयंत्र किती मंद लहरीपर्यंत बिनचूक ऐकते, हे शेडमध्ये जाण्याआधी टेबलावर मोजायचे होते. हे मोजण्याचे साधन म्हणजे सिग्नल जनरेटर.

साधा जनरेटर एक स्वच्छ लहर देतो. तिची वारंवारता आणि जोर आपण ठरवायचा. फार तर तिची उंची किंवा वारंवारता थोडी हलवता येते. ज्याला व्हेक्टर सिग्नल जनरेटर म्हणतात त्याच्या पोटात मात्र दुसरे एक यंत्र असते : मूळपट्टा तयार करणारे. रोडे अँड श्वार्झ आणि कीसाइट (जुन्या लोकांना ठाऊक असलेल्या ह्यूलेट-पॅकार्डची ही नात) या कंपन्यांची अशी यंत्रे प्रयोगशाळांत आढळतात. कंपनी कोणतीही असो, पडद्यावरची वाट डावीकडून उजवीकडे सारखीच जाते : मूळपट्टा, मग आय-क्यू मॉड्युलेटर, मग रेडिओ वारंवारता, मग बाहेरचे तोंड. ही वाट एकदा ध्यानात आली की शेकडो बटणांची भीती निम्मी होते.

आता हे आय आणि क्यू काय प्रकरण आहे ते पाहू. सगळा विषय येथेच अडतो किंवा सुटतो. कागदावर एक बिंदू काढायचा तर दोन आकडे लागतात, आडवा आणि उभा. आय म्हणजे आडवा, क्यू म्हणजे उभा. मध्यबिंदूपासून त्या बिंदूपर्यंत एक काटा कल्पावा. काट्याची लांबी म्हणजे लहरीचा जोर, आणि काट्याचा कोन म्हणजे लहरीची कला. मॉड्युलेटर एकच वाहक लहर दोन प्रतींत घेतो, दुसरी प्रत पहिलीपेक्षा पाव फेऱ्याने मागे किंवा पुढे. पहिलीला आयने गुणतो, दुसरीला क्यूने गुणतो आणि दोन्ही एकत्र करतो. बस्स, एवढेच. काटा स्थिर असेल तर बाहेर नुसती वाहक लहर. काटा फिरू लागला तर वारंवारता सरकते : एका दिशेने फिरला तर वर, उलट फिरला तर खाली.

एकट्या आयवर का भागत नाही, हा प्रश्न मी विचारला होता. उत्तर फार सुंदर आहे. काटा डावीकडून फिरो की उजवीकडून, त्याची आडवी सावली अगदी सारखीच पुढेमागे होते. सावलीवरून फिरण्याची दिशा सांगता येत नाही. दिशा समजायला दुसऱ्या भिंतीवरची सावलीही लागते, आणि ती म्हणजे क्यू. आमच्या जमाखर्चात एकाच रकान्यात सर्व रकमा लिहिल्या, आणि जमा की नावे हे लिहिलेच नाही, तर जी गत होईल तीच येथे एकट्या आयची होते.

आपल्या महाराष्ट्रात हेच काम उलट्या दिशेने चालते, खोडदला. नारायणगावजवळची जी.एम.आर.टी. ही प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली रेडिओ दुर्बीण. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, काही मध्यभागी आणि बाकीच्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर, सुमारे २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. आकाशातून आलेली लहर तेथे वाहक वारंवारतेवरून उतरवून मूळपट्ट्यावर आणतात आणि मग तिचे आकडे करतात. पूर्वी एका वेळी ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा घेता येई, सुधारणेनंतर तो ४०० मेगाहर्ट्झपर्यंत गेला. जनरेटर आकड्यांची लहर करतो, दुर्बीण लहरीचे आकडे करते. दुकान एकच, वहीची दोन पाने.

सुरतेच्या पेट्यांकडे परत येऊ. आपल्या देशात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५ च्या अधिसूचनेने कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला, आणि २०२१ मध्ये त्याची वरची मर्यादा ८६८ पर्यंत वाढली. २००५ च्या अधिसूचनेत एका वाहकाची रुंदी २०० किलोहर्ट्झपर्यंत ठरवलेली होती. दादाच्या गटाने मध्य वारंवारता ८६६ मेगाहर्ट्झ घेतली. सेकंदाला ५०,००० बिट. बिट ‘एक’ असेल तर लहर २५ किलोहर्ट्झने वर, ‘शून्य’ असेल तर तेवढीच खाली. या पद्धतीला एफ.एस.के. म्हणतात. ढोबळ नियमाने पट्ट्याची रुंदी होते २ × (२५ + २५), म्हणजे १०० किलोहर्ट्झ, मर्यादेच्या निम्मी.

एक बिट टिकतो २० मायक्रोसेकंद. सेकंदाला २५,००० फेरे घेणारा काटा तेवढ्या वेळात किती फिरेल? बरोबर अर्धा फेरा. ‘एक’ला अर्धा फेरा या दिशेने, ‘शून्य’ला अर्धा फेरा त्या दिशेने. काट्याची लांबी कधीच बदलत नाही, केवळ कोन बदलतो. हे चित्र मनात पक्के असू द्यावे, पुढे त्याचा दोनदा उपयोग होणार आहे.

संदेशाचा घाट असा : आरंभी ३२ बिट एक-शून्य-एक-शून्य, म्हणजे ग्राहकाला ताल सापडावा, मग १६ बिटांची ठरलेली खूण, ८ बिट लांबी, १६ बिट मागाचा क्रमांक, ३२ बिट धाग्यांचा आकडा, आणि शेवटी १६ बिटांची तपासणी-बेरीज. एकूण १२० बिट, वेळ २.४ मिलिसेकंद. आकड्याला ३२ बिट कशाला, १६ पुरेत, असे गटातल्या एकाचे मत होते. हिशेब करून पाहिला. इंचाला ६० आडवे धागे असतील तर मीटरला सुमारे २,३६२ होतात. १६ बिटांत फार तर ६५,५३५ मावतात. म्हणजे अठ्ठावीस मीटर पुरे होण्याआधीच आकडा शून्यावर येणार! ३२ बिटांत ४२९ कोटींच्या वर आकडा जातो. तेथे काळजी नाही.

आता प्रत्यक्ष मांडणी. बाहेरचे तोंड चालू करणारे बटण बंदच ठेवून सुरुवात करायची, हा पहिला शिष्टाचार. जनरेटरला ॲन्टेना कधीच जोडायची नाही. हे यंत्र कोणत्याही वारंवारतेवर बोलू शकते, विमानांच्या आणि पोलिसांच्या वारंवारतांवरही, आणि परवानामुक्त पट्टा म्हणजे सर्व आकाश मोकळे नव्हे. म्हणून तारेने जोडायचे, आणि मध्ये २० डेसिबेलचा क्षीणक घालायचा. या क्षीणकाचा दुसरा फायदा असा की पेटीतली चिप चुकून बोलू लागली तर तिचा जोर जनरेटरच्या तोंडात घुसत नाही.

प्रथम मूळपट्टा बंद ठेवून नुसती वाहक लहर द्यावी : ८६६ मेगाहर्ट्झ, मध्यम जोर. ग्राहकाच्या जोर-मापकावर अपेक्षित आकडा दिसतो का ते पाहावे. दिसत नसेल तर तार, जोडणी, क्षीणक यांत दोष आहे, आणि मूळपट्ट्याशी झटापट करण्यात अर्थ नाही. येथेच आणखी एक गोष्ट तपासावी. पेटीतला स्वस्त स्फटिक दहा लाखांत वीस इतका चुकू शकतो. ऐकायला क्षुल्लक, पण ८६६ मेगाहर्ट्झवर ही चूक १७.३२ किलोहर्ट्झ होते, आणि आपला सारा खेळ २५ किलोहर्ट्झचा! म्हणून जनरेटरची वारंवारता मुद्दाम थोडी वरखाली करून ग्राहक कोठपर्यंत साथ देतो हेही टिपावे लागते.

मग मूळपट्टा. मॉड्युलेशनचा प्रकार दोन वारंवारतांचा एफ.एस.के.; वेग सेकंदाला ५० किलोचिन्हे; विचलन २५ किलोहर्ट्झ; गाळणी गाउसची, तिचा गुणांक ०.५. गाळणी नसेल तर काटा एका दिशेने जाता जाता क्षणात उलटा वळतो, आणि अशा झटक्याने शेजारच्या पट्ट्यात कचरा सांडतो. गाळणीमुळे वळण गोल होते. माहितीचा स्रोत दोन प्रकारे देता येतो. एक म्हणजे यंत्रातली तयार यादृच्छिक मालिका, उदाहरणार्थ पीएन-नऊ. ती ५११ बिटांची. तीत २५६ एक आणि २५५ शून्ये, आणि ५११ नंतर पुन्हा तीच. दिसते गोंधळाची, पण ठरलेली असल्यामुळे कोठे चूक झाली ते तपासता येते. दुसरा प्रकार म्हणजे आपण लिहून दिलेली यादी, आपला १२० बिटांचा संदेश.

ट्रिगर या बाबीकडे नवखे लोक दुर्लक्ष करतात, असे प्रयोगशाळेतले काका सांगत. ‘ऑटो’ ठेवले तर यंत्र संदेश अखंड ओकत राहते. ग्राहकाने ९६२ संदेश घेतले हे कळते, पण किती पाठवले होते? हे माहीत नसेल तर ९६२ ला काडीचा अर्थ नाही. आमच्या विषयात याला आवक-जावक जुळवणे म्हणतात. म्हणून ट्रिगर ‘सिंगल’ ठेवून संगणकाने मोजून हजार वेळा टिचकी द्यायची, एका टिचकीला एक संदेश. मार्कर ही त्याची बहीण : मालिका सुरू होताच मागच्या बाजूच्या वेगळ्या तोंडातून एक स्पंद बाहेर येतो, आणि पहिला बिट कोणता हे त्यावरून कळते.

हे सर्व लावून झाले आणि संदेश सोडले. हजार गेले, शून्य आले. हा भाग मला विस्ताराने सांगायचा आहे, कारण दोन दिवस त्यात गेले. जोर-मापकाचा आकडा बरोबर. पट्टमापकावर, म्हणजे स्पेक्ट्रम ॲनालायझरवर, चित्र पुस्तकातल्यासारखे : ८६६ च्या दोन बाजूंना २५-२५ किलोहर्ट्झवर दोन उंचवटे, डावा-उजवा अगदी सारखा. वेग तपासला, विचलन तपासले, खुणेचे १६ बिट पुन्हा पुन्हा मोजले. चिप बदलून पाहिली. शेजारच्या टेबलावरच्या मुलांनी प्रकल्प बदलण्याचा प्रेमळ सल्लाही दिला.

शेवटी दादाने ग्राहकाला संदेश ओळखण्याच्या कामातून मोकळे केले आणि जे बिट ऐकू येतील ते कच्चे तसेच काढायला लावले. जनरेटरवर पीएन-नऊ, मार्करवरून पहिला बिट निश्चित, आणि मी दोन रकाने शेजारी छापून घेतले : पाठवलेले आणि आलेले. पहिला चूक. दुसरा चूक. दहावा चूक. ५११ पैकी ५११ चूक.

हे पाहून सगळे आनंदाने ओरडले, तेव्हा मला काहीच कळले नाही. मग कळले. ग्राहकाला काहीच ऐकू येत नसते तर त्याने नाणेफेक केल्यासारखे बिट दिले असते, आणि निम्मे योगायोगाने बरोबर आले असते. सर्वच्या सर्व चूक यायला प्रत्येक बिट स्पष्ट ऐकू यावा लागतो! कोठेतरी वर-खाली यांची अदलाबदल झाली होती, एवढाच अर्थ. ‘आय-क्यू मॉड’च्या खिडकीत एक लहानसा पर्याय असतो, आय आणि क्यू यांची अदलाबदल करण्याचा. काम चालू केले होते ते प्रयोगशाळेच्या यंत्रात साठवलेल्या जुन्या मांडणीवरून, आणि त्या मांडणीत तो पर्याय चालू होता. ती ज्या ग्राहकासाठी बनवली होती त्याची आतली रचना पट्टा उलटा करणारी असावी, म्हणून तेथे ते योग्यच असणार. आडवा आकडा उभा झाला आणि उभा आडवा, की काट्याची फिरण्याची दिशा पालटते. वरची वारंवारता खाली, ‘एक’चा ‘शून्य’. खुणेचे १६ बिटही उलटे, म्हणून एकही संदेश ओळखला गेला नाही.

आणि पट्टमापकाने हे का दाखवले नाही? त्याचे चित्र डावे-उजवे सारखेच होते. आरशात धरले तरी तेच दिसणार. आमच्या द्वितीय वर्षाच्या पुस्तकात तेरजेचे एक प्रकरण आहे, त्यात तेरीज कोणत्या चुका दाखवत नाही याची यादी असते. एखादी नोंद पूर्ण उलटी केली, नावेची जमा आणि जमेची नावे, तरी दोन्ही बाजूंची बेरीज जुळते. ती ओळ मी परीक्षेपुरती पाठ केली होती. पट्टमापक ही रेडिओवाल्यांची तेरीज आहे.

यानंतर ‘रिसेट’ करून, म्हणजे यंत्र कारखान्यातून आले तेव्हाच्या स्थितीत आणून, सारी मांडणी नव्याने भरली आणि स्वतःच्या नावाने साठवली. संदेश येऊ लागले.

दुसरी अडचण लहान होती, पण सुरतेत शोभण्यासारखी. यंत्र बिटांवरून काटा स्वतः फिरवते, हा एक मार्ग. दुसऱ्या मार्गात आपणच संगणकावर आय आणि क्यूचे दोन लांब रकाने तयार करून यंत्राला देतो, आणि ते ग्रामोफोनच्या तबकडीप्रमाणे वाजवते. एका बिटाला आठ नमुने घेतले तर नमुन्यांचा वेग सेकंदाला ४ लाख, आणि १२० बिटांच्या संदेशाच्या ९६० ओळी होतात. प्रत्येक आकडा उणे ३२,७६७ ते अधिक ३२,७६७ या मर्यादेत. तबकडी संपली की पुन्हा पहिल्या ओळीपासून. पीएन-नऊची अशी तबकडी लावली तेव्हा दर १०.२२ मिलिसेकंदांनी पट्टमापकावर एक झटका उठे.

कारण अर्ध्या फेऱ्याच्या हिशेबात आहे. २५६ वेळा अर्धा फेरा पुढे, २५५ वेळा अर्धा फेरा मागे. बाकी उरला अर्धा फेरा. म्हणजे शेवटच्या ओळीवर काटा निघाल्या जागेच्या नेमका समोर, आणि पुढची ओळ त्याला एका उडीत घरी आणते. साडीछपाईत याला ‘रिपीट’ म्हणतात : छाप जेथे संपतो तेथेच पुढचा छाप सुरू व्हावा लागतो, नाहीतर प्रत्येक फेऱ्याला वेल तुटते. उपाय अगदी सोपा निघाला. तीच मालिका दोनदा लिहायची, १,०२२ बिटांची. दोन अर्धे फेरे मिळून एक पूर्ण. गाळणीलाही सांगायचे की शेवटच्या बिटाचा शेजारी पहिला बिट आहे. आमच्या १२० बिटांच्या संदेशाला ही बाधा कधीच झाली नसती : बिटांची संख्या सम असल्यामुळे कितीही एक आणि कितीही शून्ये असोत, बाकी नेहमी पूर्ण फेऱ्यांचीच उरते. हे मी कागदावर सिद्ध करून दाखवले तेव्हा वाणिज्य शाखेची थोडी पत वाढली.

आता जोर. रेडिओवाले जोर मिलिवॉटच्या पटीत मोजत नाहीत, डीबीएममध्ये मोजतात. शून्य डीबीएम म्हणजे एक मिलिवॉट. दर दहाने खाली गेले की जोर दहावा हिस्सा. उणे ९० म्हणजे एका मिलिवॉटचा अब्जावा भाग. चक्रवाढीचे तक्ते वापरणाऱ्याला यात नवल वाटू नये; गुणाकाराची बेरीज करण्याचीच ही युक्ती आहे. खोलीच्या तापमानाला दर हर्ट्झमागे उणे १७४ डीबीएम इतका नैसर्गिक गोंगाट असतो. १०० किलोहर्ट्झ रुंदीला त्यात ५० मिळवायचे, झाले उणे १२४. ग्राहकाचा स्वतःचा गोंगाट धरा ७, आणि बिट ओळखता यावा म्हणून वर १२. म्हणजे उणे १०५ च्या आसपास ग्राहकाची दमछाक व्हायला हवी. तेथे पोचण्यासाठी जनरेटरवर लावायचे उणे ८४ : क्षीणकाचे २० आणि तारेचा १ वजा. इतक्या मंद जोरावर एक नवी पीडा उद्भवते. जनरेटरच्या कवचातून झिरपणारी लहर तारेतल्या लहरीला मागे टाकू शकते, आणि मग आकडे खोटे चांगले येतात. ग्राहकपेटी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बंद करून, तार तेवढी बाहेर काढून वाचने घ्यावी लागली.

(एफ.एस.के. असल्यामुळे एका भानगडीतून आम्ही सुटलो. क्यूपीएसकेसारख्या प्रकारांत काट्याची लांबी सतत बदलते, त्यामुळे पडद्यावरचा सरासरी जोर आणि क्षणिक शिखर यांत काही डेसिबेलचे अंतर पडते. शिखर छाटले जाऊ नये म्हणून रकान्यांतले आकडे आधीच लहान करावे लागतात. आमचा काटा एकाच लांबीचा.)

प्रयोगशाळेच्या रिवाजानुसार हजारात एक बिट चुकू लागला की त्या जोराला ग्राहकाची सीमा मानायची. हजारात एक! आमच्याकडे कॅशियरची चूक इतकी कमी असेल तर त्याला बढती मिळेल. पण संदेश १२० बिटांचा आहे, आणि एकही बिट चुकला की तपासणी-बेरीज जुळत नाही व सगळा संदेश टाकून द्यावा लागतो. सगळे १२० बिट बरोबर येण्याची शक्यता ०.९९९ चा १२० वा घात, म्हणजे ०.८८७. शंभरात अकरा संदेश गेले. दहा हजारांत एक चूक असेल तर शंभरात एखादाच जातो. म्हणजे रिवाजाची सीमा ही शेडची सीमा नव्हे. पेट्या त्यापेक्षा बऱ्याच अलीकडे, जास्त जोरावर ठेवायला हव्यात.

येथेच माझे खरे काम सुरू झाले. गटाच्या मूळ आराखड्यात पेटी दर मिनिटाला ‘या मिनिटात किती धागे’ एवढेच पाठवत असे. म्हणजे शंभरात अकरा संदेश गेले तर विणकराचे शंभर मीटरांतले अकरा मीटर गेले, आणि गेले ते कायमचे. कोणालाही ते परत शोधता येणार नाहीत. मी म्हटले, खातेवहीत आपण प्रत्येक पानाच्या तळाशी बेरीज पुढे ओढतो, ती कशासाठी? पेटीने मिनिटाची वाढ पाठवू नये, आरंभापासूनची एकूण बेरीज पाठवावी. मधले अकरा संदेश गेले तरी बारावा पोचताच हिशेब जागेवर येतो. खर्च काहीच नाही, कारण ३२ बिटांची जागा आधीच राखलेली होती. जनरेटरवर त्यासाठी नवी यादी लिहिली : चढत्या आकड्यांचे हजार वेगवेगळे संदेश, एकामागून एक. जोर मुद्दाम सीमेवर ठेवला. संदेश गळत राहिले, पण फलकावरचा आकडा दर वेळी पुढच्याच संदेशात भरून निघाला.

उरला पाळीचा शेवटचा संदेश. रात्री पाळी बदलते त्या मिनिटाचा संदेश गळला, तर त्या मिनिटाचे धागे नव्या माणसाच्या नावावर चढतील. दादाचा विचार तो संदेश पाच वेळा पाठवण्याचा होता. शंभरात अकरा या वाईट दरानेही पाचही गळण्याची शक्यता लाखात दोनहून कमी येते. मात्र पाच प्रती लागोपाठ पाठवल्या आणि नेमकी तेव्हाच शेजारच्या मोटारीची ठिणगी पडली तर पाचही एकदम जातील, कारण पाचांना मिळून अवघे १२ मिलिसेकंद लागतात. म्हणून प्रतींमध्ये काही सेकंदांचे, आणि प्रत्येक मागाला वेगळे, अंतर ठेवायचे ठरले. शेडमध्ये ४८ माग आहेत असे धरले तर रोजचे संदेश मिनिटातले ११५ मिलिसेकंदच व्यापतात. जागा भरपूर आहे. जनरेटरवर हे अंतर मांडायचे ते दोन्ही रकान्यांत शून्ये भरून : आय शून्य, क्यू शून्य, काट्याची लांबी शून्य, म्हणजे तेवढा वेळ लहरच नाही. सेकंदाला ४ लाख ओळी या दराने तीन सेकंदांच्या शांततेला बारा लाख ओळी लागतात, आणि मी निघाले त्या दिवशी यंत्र तेवढी मोठी फाइल स्वीकारते की शांततेसाठी वेगळा छोटा तुकडा करून तो पुन्हा पुन्हा वाजवावा, याची चाचणी चालू होती.